फेब्रुवारीतली कांदेनवमी

विन्या, वाद तू जिंकलास. हे आधीच सांगून टाकतो. शेवटापर्यंत राखून ठेवलं असतं तर तू म्हणाला असतास, गज्यानं इथंही पडदा उघडायला उशीर केला.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर लिहायला मला सांगितलंय. तू कुठं जन्मलास, काय शिकलास, कुठल्या कंपनीत कुठल्या हुद्द्यावर होतास, हे लिहिणारे शिस्तीचे लोक आपल्यात आहेत. ते लिहितील. मी लिहिणार आहे एका लाल जाळीच्या पिशवीबद्दल. ती तुमच्या गराजमध्ये खिळ्याला टांगलेली होती. तिच्यात कांदे आहेत की डॅफोडिलचे कंद, यावरून आपलं ऑक्टोबरात वाजलं, आणि फेब्रुवारीत तू निघून गेलास तोवर ते मिटलेलं नव्हतं.

पण पिशवीपर्यंत यायला थोडं मागं जावं लागेल. मी सरळ रस्त्यानं कुठंच जात नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझ्या ऑफिसातल्या बेथच्या आजोबांचं फार्महाउस पाडून तिथं गोदामाचं पार्किंग होणार होतं. घराच्या मागं कुणी तरी कोणे एके काळी लावलेली डॅफोडिल्स रानोमाळ पसरली होती. बेथ म्हणाली, उकरता येतील तेवढी घेऊन जा. तू एप्रिलमध्ये फुलं असताना जाऊन मंडळाच्या पॉटलक जेवणातले उरलेले प्लॅस्टिकचे चमचे जागोजागी खोचून आलास, आणि जूनमध्ये पानं पिवळी पडल्यावर मला कुदळीसकट घेऊन गेलास. फुलात असताना उकरायचं नाही, पानांनी आधी कंदाचं पोट भरू द्यायचं, हा तुझा पहिला धडा. परवानगी रीतसर होती. बेथ स्वतः घडीच्या खुर्चीत बसून आइस्ड टी पीत होती. तरी मी चोरी चालल्यासारखा वागत होतो. रस्त्यावरून गाडी गेली की शीळ घालून झाडामागं लपायचो. शेवटी बेथनं तुला हळूच विचारलं की तुझा मित्र बरा आहे ना. तू म्हणालास, नाही, पण खड्डे चांगले खणतो.

त्याच दिवशी तू मला तो फरक सांगितलास. दुकानातली डॅफोडिल्स म्हणजे लग्नातले बँडवाले, आधी तुतारी दिसते आणि माणूस मागाहून. ही रानातली जात बुटकी. बाहेरच्या पाकळ्या फिक्या, ताकासारख्या, आणि मधली तुतारी हळदीची. मी विचारलं, आपल्या नर्गिसची कोण? तू म्हणालास, चुलत बहीण. थंड हवेत राहिलेली, म्हणून गोरी.

दसरा उलटला आणि तू तुमच्या घरामागच्या उतारावर लागवडीचं काम काढलंस. रांगेत लावायची नाहीत, मूठभर उधळायची आणि जिथं पडतील तिथंच पुरायची, म्हणजे रानातल्यासारखी दिसतात. उधळण्याचं काम माझं. मी मंगलाष्टक म्हणून अक्षता टाकल्यासारखे कंद टाकले. तू मागून गुडघ्यावर सरकत एकेक पुरत होतास, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वरती. शेजारचा म्हातारा कुंपणाशी येऊन टोपी काढून उभा राहिला. त्याला वाटलं धार्मिक विधी आहे.

पुढच्या वसंतात हरणांनी त्या म्हाताऱ्याचे ट्यूलिप कोशिंबिरीसारखे खाल्ले आणि तुझ्या उताराकडं वळूनही पाहिलं नाही. तू कॉफी घेऊन खिडकीत उभा होतास. "हरणांना कळतं," म्हणालास. "आता माणसांचं बघू."

माणसांना कळलं नाही. पहिला बळी आमच्या पाडव्याच्या नाटकाची नायिका. फुलं फुकट, ताजी आणि पिवळी. मी सकाळी उतारावरून ओंजळी भरून तोडली, गजरा गुंफला आणि तिच्या अंबाड्यावर चढवला. त्या देठांचा चीक अंगाला लागला की खाज सुटते हे मला दुसऱ्या अंकात कळलं, जेव्हा माझ्या विरहात व्याकूळ झालेली ती बाई दोन्ही हातांनी मान खाजवायला लागली. मीही मनगटं खाजवत होतो. लोकांना तो अभिनय फार आवडला. उरलेली फुलं मी रंगमंचावरच्या फुलदाणीत गुलाबांबरोबर खोचली होती, तर प्रयोग संपेपर्यंत गुलाबांनी माना टाकल्या. पडदा पडल्यावर तू आत येऊन म्हणालास की हे फूल त्याच पाण्यातल्या दुसऱ्याला जगू देत नाही, तुझ्यासारखंच आहे, मुख्य भूमिका सोडून काही जमत नाही.

आणि शैलावहिनींची ती वेणी. फुलं गेल्यावर पिवळी पडणारी पानं बघून वसाहतीच्या कमिटीनं नाक मुरडलं, म्हणून वहिनींनी सगळ्या पानांच्या नीट वेण्या घातल्या. दिसायला फार सुंदर. तू ऑफिसातून आलास, टाय न सोडता उतारावर बसलास आणि एकेक वेणी सोडवलीस. पान म्हणजे त्या कंदाचं स्वयंपाकघर आहे, त्याला गाठ मारून कसं चालेल, असं तुझं पुटपुटणं चालू होतं. वहिनी वरून म्हणाल्या, "माझ्या वेणीला कधी इतका वेळ दिला नाहीस."

आता कांदेनवमी.

आपल्या ग्रुपात चातुर्मास पाळणारं कुणीही नाही. दशमीला सगळे पिझ्झ्यावर दुप्पट कांदा घालून घेतात. तरी आषाढातली कांदेनवमी तुझ्याकडंच, दरवर्षी, घरातला कांदा संपवायच्या पवित्र हेतूनं. तुझं म्हणणं, व्रत नसलं म्हणून त्याच्या आधीची भजी का सोडायची. मी कांदा चिरणार हे ठरलेलं, कारण मी कांद्यापुढं जे रडतो ते बघायला लोक मुलांना घेऊन येत. हुंदके, उसासे, नाकाचा लाल शेंडा. ओहायोतल्या आपल्या या डब्लिनमध्ये मला खरी टाळी नाटकात कमी आणि तुमच्या किचनमध्ये जास्त मिळाली.

एका वर्षी वहिनींनी मला गराजमधून कांदे आणायला पिटाळलं. मी वर्तमानपत्रावर पसरलेले गोल, तपकिरी, सुकलेले जे दिसले ते परातीत भरून आणले. चार-पाच चिरून झाले. वहिनींनी त्यात बेसन भुरभुरलं. तेल तापत होतं, बाहेर पंचवीस माणसं जिभल्या चाटत होती. तू दारातून जाताजाता थांबलास.

"गज्या, तू रडत का नाहीस?"

सगळे हसले. मी म्हटलं, वय झालं, आतून घट्ट झालोय. तू हसला नाहीस. माझ्या हातातली फोड घेऊन नाकाशी धरलीस आणि अख्खी परात, बेसनासकट, उचलून बाहेर नेलीस. ते उतारावरचे कंद होते, विरळ करायला काढून सुकत ठेवलेले. तळलं तरी त्यातलं विष जात नाही, हे तू नंतर शांतपणे समजावलंस. अर्ध्या-एक तासात अख्खं मंडळ तुमच्या एका बाथरूमपुढं रांगेत उभं राहिलं असतं, वांत्या करत, आणि रांग मोडण्यावरून भांडत. खरा कांदा डोळ्यांत पाणी आणतो. डॅफोडिल कापताना डोळे कोरडे राहतात. तेव्हापासून दर कांदेनवमीला तू मला आधी एकेक कांदा चिरायला लावायचास आणि माझ्या तोंडाकडं बघत उभा राहायचास. मी रडलो की म्हणायचास, पास.

मग तुझं विसरणं सुरू झालं.

आधी किल्ल्या, ते सगळ्यांचंच असतं. मग एकदा माझ्याच घरी येताना तू वळण विसरलास आणि पेट्रोल पंपावरून फोन केलास, आवाज अगदी साधा ठेवून. डॉक्टरनं नाव सांगितलं, गोळी दिली. तुझी लेक सई औषधशास्त्र शिकलेली. तिनं फोनवर सांगितलं की या गोळीतलं द्रव्य मुळात डॅफोडिलच्या कंदातूनच मिळतं. तुझा चेहरा तेव्हा जसा उजळला, तसा मी नंतर पाहिला नाही. "बघ गज्या, मी त्यांना जमिनीत घातलं, आता ते मला वर काढतायत." सई पलीकडून ओरडली, "बाबा, यू आर नॉट चुइंग द बल्ब्ज. प्रॉमिस मी." तू प्रॉमिस केलंस. मग माझ्याकडं बघून डोळा मारलास, आणि मी आठवडाभर धास्तावलो.

गोळीनं दुखणं गेलं नाही, थोडं दारात रेंगाळलं. तू माणसं ओळखत होतास, पण वार चुकत होते. चहात दोनदा साखर पडायची. आणि अशातच गेल्या जूनमध्ये तू उतारावरची दाटी कमी करायला कंद काढलेस, आणि जुलैत, आयुष्यात पहिल्यांदा लावलेले कांदे काढलेस. आपल्या ओहायोच्या चिकणमातीत ते लिंबाएवढेच झाले. दोन्ही सुकवलेस, साफ केलेस आणि संत्र्यांच्या दोन सारख्या लाल जाळीच्या पिशव्यांत भरून दोन शेजारच्या खिळ्यांना टांगलेस. चिठ्ठी लावली नाहीस. मी म्हटलं, एक पिशवी माझ्याकडं ठेवतो. तू म्हणालास, का?

तुला ते न सांगताही कळलं.

"मला कांदा कळत नाही असं म्हणायचंय तुला?"

मी विषय बदलला. मी वाईट नट नाही, पण तो प्रवेश पडला.

ऑक्टोबरात तू एकट्यानं लागवड केलीस. मला उधळायला बोलावलं नाहीस. संध्याकाळी तुझा फोन आला, झालं लावून, एक पिशवी उरलीय ती कांद्याची. मी विचारलं, नक्की? तू म्हणालास, "विश्वास नसेल तर येऊन वास घे."

"करोनानंतर माझं नाक कामातून गेलंय. विसरलास का?"

तू आधी खोकलास. मग म्हणालास, "विसरलो नाही. म्हणूनच वास घे म्हटलं."

आता तूच सांग, ही कोटी होती की सावरासावर? चार महिने मी ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. खरोखर लक्षात ठेवून मला टोमणा मारला असशील तर तू जसाच्या तसा होतास. आणि नसशील तर तू उतारावर गुडघ्यांवर बसून, टोक वर करून, कंदाच्या तिप्पट खोल, कांदे पुरले होतेस.

वहिनींशी मी बोललो. त्या पिशवीतलं काही स्वयंपाकात घेऊ नका, म्हटलं. त्या म्हणाल्या, मी दुकानातलेच आणते. त्यांनी त्यातला एक उचलून वास घेतला असता तर मिनिटात निकाल लागला असता. त्यांनी घेतला नाही, मीही घ्या म्हटलं नाही. विषाची भीती आम्हाला फारशी नव्हती, पिशवीला हात लावला नाही की झालं. भीती उत्तराची होती. बाकी सगळं तुझ्या हातून एकेक करून सुटत होतं, पण हे एक तुला येतं, असं धरून आम्ही दोघं चाललो होतो. ती पिशवी उघडून हेही गेलंय असं कळलं असतं तर तुझ्याकडं बघताना आमचे चेहरे बदलले असते. आणि चेहरे वाचायला तू शेवटपर्यंत विसरला नव्हतास.

नाताळात मी आलो तेव्हा गराजमधून आत शिरलो. पिशवी तिथंच होती. मी तिच्याकडं न बघता बर्फाचे बूट काढले. तू आतल्या दारात उभा होतास. "तिला नमस्कार तरी कर," म्हणालास. मी खरंच हात जोडले. तू खदखदून हसलास. आपण पिशवीबद्दल शेवटचं बोललो ते एवढंच.

मग फेब्रुवारीत एका दुपारी तू खिडकीतल्या खुर्चीत झोपलास आणि उठला नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. लोक कुजबुजत होते, सुटला. मला तो शब्द आवडत नाही, पण खोटं कशाला बोलू, मलाही हलकं वाटलं. दुखण्याला अजून बरंच काही न्यायचं होतं. वहिनींचं नाव न्यायचं होतं. त्याआधीच तू उठून चालता झालास, आणि सकाळी चहाला "शैला, साखर दोनदा घातलीस की मी घातली?" असं विचारून गेलास. ते त्यांनी मला दहा वेळा सांगितलं, कोरड्या डोळ्यांनी. त्या रडल्याच नाहीत, विन्या. स्मशानात नाहीत, घरी नाहीत. सगळ्यांना त्याचीच काळजी. सई मला बाजूला घेऊन म्हणाली, "गजूकाका, शी हॅज्न्ट क्राइड. लाइक, ॲट ऑल." मी त्या दोघींच्या वाटचंही रडत होतो. मला ते सोपं जातं.

तुझे दिवस झाले, सुतक फिटलं. दुसऱ्या दिवशी गोडाचं जेवण. पुरण शिजत होतं, माणसं येत होती, बाहेर बर्फ पडत होता. इतके दिवस घरात कांदा चिरला गेला नव्हता, त्यामुळं कुणी आणलाही नव्हता. पण गोड जेवण म्हटलं की भजी हवीत, आणि तुझ्या घरी भजी म्हणजे कांद्याची. मी हॉलमध्ये खुर्च्या मांडत होतो आणि मला आतून जाळीची खसखस ऐकू आली.

किचनमध्ये गेलो. ओट्यावर लाल पिशवी. सईच्या हातात सुरी. तिला बिचारीला काय माहीत. ती दूर राहते, तिनं गराजमध्ये कांदे पाहिले आणि आणले.

मी म्हटलं, मी चिरतो.

"इट्स ओके काका, तुम्ही बसा."

मी सुरी तिच्या हातातून जवळजवळ हिसकावलीच. ती म्हणाली, "व्हाय आर यू बीइंग वियर्ड?" भरल्या घरात तिला काय सांगणार, की तुझ्या बाबाची अब्रू या पिशवीत आहे?

पहिला सोलला. उभा चिरला. आणि मग माझ्या लक्षात आलं की मोठाच घोटाळा आहे. नाक तर गेलेलंच होतं, आणि डोळे सकाळपासून वाहत होते. डब्लिनचा अधिकृत परीक्षक मी, आणि नेमक्या त्या दिवशी माझे डोळे पुरावा म्हणून बाद.

दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवी पाहिली, मला पाहिलं. पदर खोचून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की त्यांचा खांदा लागला.

"चिरा, भावजी."

मी चिरला. बारीक. त्या फळीवर वाकल्या आणि मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत राहिलो, तू माझ्याकडं बघायचास तसा. आधी काहीच नाही. मग पापण्या फडफडल्या. मग उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी जमलं, आणि ते गालावरून उतरून थेट फळीवर पडलं.

"कांदा आहे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, एकावरून काय ठरवायचं. मिसळले असतील तर?

"मग सगळे चिरा."

आम्ही अख्खी पिशवी चिरली. एकेक. प्रत्येकाला त्या वाकत आणि प्रत्येकाला त्यांचे डोळे भरत. पाचव्या-सहाव्याला त्यांना हुंदका आला आणि त्याच्याच पाठोपाठ हसू आलं, आणि मग ती दोन्ही थांबेनात. मीही हसत होतो. बाहेरची माणसं दाराशी गोळा झाली. त्यांना दिसलं की शैला शेवटी रडली आणि गज्याला वेड लागलं. सईनं आईला मिठी मारली. ती स्वतःही रडायला लागली, त्यातलं किती कांद्याचं ते तिलाच माहीत. शेवटचा लिंबाएवढा कांदा मी फळीवर ठेवला, चिरला, आणि वहिनींनी पदरानं तोंड पुसत तुझा शब्द उच्चारला.

"पास."

भजी खूप झाली. पुरणपोळीला कुणी विचारलं नाही. टोपीवाल्या म्हाताऱ्याकडं एक डबा पाठवला.

तर विन्या, तुला कांदा कळत होता. आणि माझं नाक गेलंय हेही तुझ्या लक्षात होतं. तो टोमणाच होता, आणि तो मला आता, उशिरा, नीट लागलाय. एवढ्या आनंदानं मी आजवर एकही वाद हरलो नव्हतो.

उतारावर अजून बर्फ आहे. खाली जे आहे ते तू ठेवलंस, तेव्हा टोक वरच असणार. मी उकरून बघायला जाणार नाही. काल निघताना वहिनींनी मला दारात थांबवून तंबी दिली. फुलं गेल्यावर पानांना हात लावायचा नाही, कमिटीनं कितीही नाक मुरडलं तरी. मी म्हटलं, आणि वेणी?

"वेणी मला पुन्हा घालायचीय," त्या म्हणाल्या. "सोडवायला तुम्ही यायचं. टाय लावून."